नवं मशीन घ्यायच्या आधी

नवा मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं मशीन, घ्यायची घाई करू नकोस. आपल्या साताऱ्याची काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. जुनं मशीन कुरकुरतं ते बऱ्याचदा त्यामुळेच.

आधी एक कर. नवे सेल घाल, कॉइलची, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या खालच्या तबकडीची, वायर घट्ट बसव. मग रानात जिथे धातू नाही अशी जागा बघ आणि कॉइल जमिनीपासून वीतभर वर-खाली हलव. नुसत्या मातीवरच आवाज आला, तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची धातू टिपायची तीव्रता, थोडी उतरव. लोक इथेच चुकतात, ती पूर्ण चढवून ठेवतात. मग पाच रुपयांचं नाणं चार बोटं खोल पुरून पाहा. स्वच्छ वाजलं, तर सध्या हेच मशीन वापर.

माझ्या जुन्या मशीनला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजाचा आवाज दाबायची जुळवणी, हातानं लावायची सोयच नव्हती. कोरेगावकडं उसाच्या रानात पडलेली पाहुण्यांची अंगठी त्यावर दोन दिवस सापडली नाही. तेव्हा बदललं. तुझ्या मशीनलाही ती सोय नसेल, तर बदलणं खरंच योग्य. मोठ्या कॉइलचा मोह मात्र धरू नकोस. ती जास्त माती बघते, म्हणून आपल्याकडं लहानच बरी.

आणि किल्ल्यावर, जुन्या देवळांच्या आवारात मशीन नेऊच नकोस. शिवाय १८७८ च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्यानं जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरांना कळवावा लागतो.