कॉस्मॉलॉजी म्हणजे कुंडली नव्हे

प्रश्न : सर, मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे कॉस्मॉलॉजी शिकायचं म्हणते. भाऊबंद विचारतात, कुंडल्या मांडणार का? ग्रहताऱ्यांचंच हे शास्त्र, की वेगळं काही?
– एक केळी उत्पादक, ता. शिरपूर

उत्तर : भाऊ, कुंडलीशी याचा काडीचाही संबंध नाही, हे भाऊबंदांना ठणकावून सांगा.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (1150) कोणता ग्रह कुठे असेल, ग्रहण कधी लागेल, याचं गणित आहे. ते खगोलशास्त्र. कॉस्मॉलॉजी, म्हणजे विश्वरचनाशास्त्र, अख्खं विश्व एकदम विचारात घेतं : ते किती जुनं, कशाचं बनलेलं, पुढे त्याचं काय होणार?

याची उत्तरं मोजून काढतात. दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, जितकी लांब, तितकी ती वेगानं दूर जाते, हे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी 1929 मध्ये दाखवलं. म्हणजे विश्व पसरतंय. (देवयानी दीर्घिका मात्र आपल्याकडे येतेय, जवळ असल्यानं तिथे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं. दिवाळीच्या सुमारास तोरणमाळला काळोखात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुलीला जरूर न्या.)

फिजिक्स शिकवताना पुढचा किस्सा मी हमखास सांगायचो. अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या शिंगाच्या आकाराच्या रेडिओ अँटेनात एक खरखर यायची. आत कबुतरांनी घाण केलेली. दोघांनी ती साफ केली, कबुतरं हाकलली, तरी खरखर तशीच; आकाशात कुठेही रोखा, सारखीच. ती खरखर म्हणजे विश्व कोवळं आणि प्रचंड तापलेलं होतं तेव्हाचा तो प्रकाश, आता निवून उणे 270 अंशांवर आलेला! हा शोध 1965 मध्ये जाहीर झाला. त्या प्रकाशातले अगदी बारीक चढउतार मोजूनच आज विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं सांगता येतं.

आणि करण्यासारखं अजून चिक्कार आहे. तुम्ही-आम्ही, तापी, तारे ज्या द्रव्याचे बनलोत ते विश्वात जेमतेम 5 टक्के. सुमारे 27 टक्के कृष्णद्रव्य, बाकी कृष्णऊर्जा. ही दोन्ही नेमकी काय, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. अशा कामाला तुमची मुलगी निघालीय, तिला अडवू नका.

लांबही जायला नको. नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे. एम.एस्सी. फिजिक्सनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे पीएच.डी. करता येते. तोवर गणित पक्कं करू द्या आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग आत्ताच शिकायला लावा. या विषयात रोजचं काम त्यावरच चालतं.