विजेशिवाय चालणारा लेसर आणि किनाऱ्यावरची दमट हवा

प्रश्न: सर, मी रत्नागिरीला बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायड्रोजन फ्लोराइड लेसर विजेवर नाही तर रिअ‍ॅक्शनवर चालतो असं वाचलं, ते कसं काय? आणि मांडवीच्या किनाऱ्यावरून हा बीम समुद्राकडे सोडला तर लांब पोचेल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, नाही पोचणार, मे महिन्यातल्या हवेत तर नाहीच. याचा प्रकाश साधारण २.६ ते ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, म्हणजे न दिसणारा इन्फ्रारेड, आणि पाण्याची वाफ नेमकी त्याच पट्ट्यात जोरात शोषण करते. आपल्याकडची हवा तर वाफेने गच्च भरलेली.

आता चालतो कसा ते. फ्लोरिनचा सुटा अणू हायड्रोजनच्या रेणूला भिडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो आणि मोलमागे १३० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा सुटते. एरवी अशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन पसरते, इथे मात्र तिचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा नव्या रेणूच्या कंपनात जातो, आणि सगळ्यात जास्त रेणू पहिल्या नाही तर थेट दुसऱ्या कंपनपातळीवर जन्माला येतात. वर गर्दी, खाली कमी, म्हणजे लेसर चालायला जी उलटी गर्दी लागते ती, पॉप्युलेशन इन्व्हर्जन, आयतीच मिळाली! मला केमिस्ट्रीत यासारखं सुंदर फार थोडं वाटतं. रिअ‍ॅक्शनमधून निघणारा असा इन्फ्रारेड प्रकाश अभ्यासणाऱ्या जॉन पोलानी यांना १९८६ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पण हे रेणू एकमेकांवर आपटले की ऊर्जा लगेच घालवून बसतात, म्हणून दाब खूप कमी ठेवून गॅस नोझलमधून आवाजापेक्षा जास्त वेगाने सोडतात, आणि आरसे त्या प्रवाहाला आडवे लावतात. एकूण मशीन रॉकेट इंजिनसारखंच दिसतं.

वाफेवरचा उपायही केमिस्ट्रीनेच दिला. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालायचं, स्प्रिंगला जड वजन लावलं की ती सावकाश हलते तसं जड अणूमुळे कंपन मंदावतं, तरंगलांबी ३.६ ते ४.२ मायक्रॉनवर जाते आणि तिथे हवा बरीच मोकळी असते. अमेरिकन नौदलाचा मिरॅकल लेसर याच जातीचा, १९८० मध्ये सुरू झाला, इथिलीन आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड जाळून फ्लोरिनचे अणू मिळवायचा आणि मेगावॅटच्या घरात ताकद द्यायचा. २००० मध्ये अमेरिका-इस्रायलच्या अशाच लेसरने उडत्या कात्युशा रॉकेटचा नाश केला. तरी इंधन संपलं की बीम बंद, शिवाय बाहेर पडणारा गॅस विषारी, त्यामुळे आता बहुतेकांचा कल विजेवरच्या सॉलिड स्टेट लेसरकडे (गॅसऐवजी घन पदार्थातून प्रकाश काढणाऱ्या) आहे.

एक कळकळीने सांगतो, कॉलेजच्या लॅबमध्ये यातलं काही करून बघू नका. हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून आत शिरतो, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो, आणि सौम्य असला तर वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर नुकसान झालेलं असतं. कधी अंगावर उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.