रविवारी हुंदके, सोमवारी कोरडं

घणसोलीहून 34 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलंय: ‘मावशी, जयख्रिस्त. रविवारी वाशीच्या हॉलमध्ये आराधना सुरू झाली की मला हुंदके आवरत नाहीत. सोमवारी महापेला कामावर बसलो की सगळं कोरडं. पवित्र शास्त्राचा पत्राद्वारे कोर्स केलाय, त्रैक्य, पुनरुत्थान, सगळं पटतं. पण हा विश्वास आहे, की नुसतं रडणं आणि पटणं? बाकी आईचं कळव्याचं घर विकल्यापासून ठाण्याच्या मोठ्या भावाशी अबोला आहे. त्याचा थोडा हिशेब माझ्याकडे राहिलाय, पण तो विषय वेगळा.’

बाळा, जयख्रिस्त.

रडू येतं त्याची लाज वाटून घेऊ नकोस. पण मंद दिवे, कीबोर्ड, आजूबाजूला सगळ्यांचे हात वर, अशात माणूस हेलावतोच. मुलीच्या पाठवणीला वरपक्षाची माणसंही डोळे पुसतात. डोळ्यांत पाणी नाही तर आत्मा नाही, असं जे व्यासपीठावरून सांगतात त्यांचा मला रागच येतो.

पटण्याचंही तेच. देव एक आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याकोब लिहितो. म्हणजे भुतांना पटलेलंही आहे आणि त्यांचा थरकापही उडतो. फक्त ती देवाच्या स्वाधीन होत नाहीत.

पंडिता रमाबाईंचं बघ. संस्कृतात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो पारखून, वाद घालून. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या कहाणीत, त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर 8 वर्षं लागली. त्या 8 वर्षांत त्या काही ढोंग करत नव्हत्या. शारदा सदन त्यांनी 1889 मध्ये, त्याच काळात काढलं. आणि 1905 ला त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे रडणं, ओरडून प्रार्थना करणं झालं, ते दुष्काळातून आणलेल्या मुलींना जिथे जेवूखाऊ घातलं जात होतं त्याच घरात. म्हणून त्या अश्रूंवर माझा भरवसा बसतो.

तेव्हा सोमवारच्या कोरडेपणाची मला फारशी काळजी नाही. शंका येतात त्याचीही नाही. मुलासाठी येशूकडे आलेल्या बापाने ‘विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असं एका दमात म्हटलं होतं, आणि त्याचं ऐकलं गेलं.

मला खुपतो तो भावाचा विषय, जो तू वेगळा काढून ठेवलास. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला तेव्हा रडला की नाही, हे शुभवर्तमानात लूक सांगत नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला, एवढं सांगतो. तारण पैशाने मिळत नाही हे तू कोर्समध्ये शिकलाच असशील. येशू आधी त्याच्या घरी गेला, हिशेब मग निघाला. पण निघाला!

तर घरविक्रीचे कागद काढ, भावाचा आकडा नीट मांड. यूपीआयने पाठवून मोकळा होऊ नकोस. लोकल पकड, रबाळे, ऐरोली, दिघा, की आलंच ठाणे. स्वतः जा. वहिनी दारातच चार शब्द सुनावतील, ऐकून घे. भाऊ बोलला नाही तरी पैसे त्याचेच आहेत, ते ठेवून ये. जाण्याआधी तुझ्या पाळकांशी बोल, मात्र त्यांना मध्यस्थ म्हणून पुढे करू नकोस.

आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये माईक हातात आला, तर ही साक्ष देऊ नकोस. भावाची इभ्रत आहे त्यात.

– मावशी