वचन नंतर

ठाणे

प्रिय मुली, सलाम.

समुपदेशनाच्या कोर्समध्ये म्हणतात धर्म दाराबाहेर ठेवा, चर्चच्या मंडळीत म्हणतात मानसशास्त्र जगाचं, देवाचं नव्हे. मग समोरच्याने प्रार्थना मागितली तर करू की नको, असं विचारतेस. कर की! पण कधी, ते बघ. बायबलचं वचन नंतर.

पहिल्या भेटीत पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, भरून घे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, बेरीज ० ते २७. दहा किंवा वर गेली की तज्ज्ञाकडून तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बायबल मिटलेलंच राहू दे. सरळ विचार: काही ठरवलंयस का, गोळ्या घरात आहेत का, आज रात्री सोबत कोण? गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ कागदावर लिहून हातात, धोका दिसला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. मनोरुग्णालय १९०१ पासून ठाण्यातच आहे, तरी आपली माणसं आधी उपास-प्रार्थनेला पळतात.

बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने प्रवचन दिलं नाही. भाकर, पाणी, झोप, तेही दोनदा. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर. १ राजे १९ नीट वाच.

आता ती रोज एकच पाप कबूल करणारी बाई. 'देवाने क्षमा केली ना हो?' तू १ योहान १:९ (पाप कबूल केलं की देव क्षमा करतो) वाचतेस, तिला तासभर बरं वाटतं, संध्याकाळी परत फोन. हा अल्पविश्वास नव्हे, ओसीडी असू शकतो, म्हणजे तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. सतत हात धुणाऱ्याला साबण, तसं तिला तुझं वचन. जितका धीर देशील तितका आजार पोसशील. ईआरपी (भीतीला सामोरं जायचं, पण ती कृती करायची नाही, अशी थेरपी) येणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठव. तिच्या परवानगीने पाळकांशीही बोल: कबुली एकदाच, तेच पाप दुसऱ्यांदा ऐकायचं नाही. सुरुवातीला तिची तगमग वाढेल. तेव्हा विरघळू नकोस. औषध लागलं तर ८ ते १२ आठवडे धीर धरायला सांग.

मला मंडळीत कोरडी म्हणतात. म्हणोत. उघड्या बायबलमागे पुष्कळ वर्षं लपले, म्हणून हा हट्ट.

प्रार्थना शेवटच्या पाच मिनिटांत, तिने मागितली तरच. कशासाठी करू ते तिलाच विचार, शब्द तिचेच घे. 'प्रभू, हिला नवऱ्याला क्षमा करायला शिकव' ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून दिलेला हुकूम. आणि तिचं नाव प्रार्थना-विनंती म्हणून ग्रुपवर टाकायचं नाही, नाव गाळूनही नाही. आपली मंडळी एवढीशी, दोन ओळींत ओळखतात.

ती हॉलमागची खोली मात्र आधी बदल. पार्टिशनपलीकडे क्वायरची प्रॅक्टिस चालू असताना नववा प्रश्न कोण खरा सांगणार?