विषम क्रमांकाची आवृत्ती हाती घेताना

प्रिय मित्रा,

मुक्त स्रोत प्रकल्पात पहिले काम कोणते करावे, असे तू विचारले आहेस. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या गाभ्यातील सी भाषेचा कोड लिहिण्याची तुझी ओढ मी समजू शकतो. तरीही माझा आग्रह असा आहे, की आधी काही महिने पर्ल ५ ची प्रत्येक नवी विकास आवृत्ती तू स्वतः बांधावीस, म्हणजे स्रोतावरून चालण्याजोगी तयार करावीस, आणि तिच्यावर आपला कोड चालवून पाहावास. हे काम कमी प्रतीचे नाही. या आवृत्त्या काढल्या जातात त्या त्यासाठीच.

पर्लच्या क्रमांकातील मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर असते, विषम असेल तर विकासाधीन. ५.४२ ही स्थिर आवृत्ती जुलै २०२५ मध्ये आली. त्याआधीचे वर्षभर ५.४१ ची मालिका चालली होती आणि पुढे ५.४३ ची सुरू झाली. साधारणपणे दर महिन्याला, २० तारखेच्या सुमारास, स्वयंसेवकांपैकी कोणीतरी जबाबदारी घेऊन विकास आवृत्ती प्रसिद्ध करतो. ही शिस्त २००९ मध्ये ५.११ पासून बसली. त्याआधी ५.८ आणि ५.१० या स्थिर आवृत्त्यांमध्ये २००२ ते २००७ इतके अंतर पडले होते. मासिक आवृत्तीचा खरा लाभ असा, की गेल्या महिन्यात चालणारा कोड या महिन्यात अडला तर दोष त्या एका महिन्याच्या बदलांतच शोधायचा असतो.

विकास आवृत्तीत घेतलेला निर्णय अंतिम नसतो, हे ध्यानात ठेव. पॅकेजच्या, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या गटाच्या, नावातील भाग जोडणारा दुवा म्हणून एकेरी अवतरणचिन्ह वापरण्याची फार जुनी रीत पर्लमध्ये आहे. ५.३८ मध्ये तिच्याविषयी इशारे सुरू झाले आणि ५.४१.३ मध्ये ती काढूनच टाकली गेली. पण चर्चेनंतर, ५.४२ येण्यापूर्वी, ती पूर्ववत झाली. दोन मूल्ये जुळतात का ते पाहणाऱ्या ‘~~’ या स्मार्टमॅच चिन्हाचेही तसेच झाले. चाचण्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘टेस्ट::मोअर’ मॉड्यूलमधील (मॉड्यूल म्हणजे वापरायला तयार असा कोडचा सुटा भाग) एका फंक्शनचे नावच त्या अवतरणचिन्हावर उभे आहे, यावरून ही रीत किती खोल रुजली आहे ते तुला कळेल. स्थिर आवृत्ती आल्यानंतर हीच तक्रार झाली असती, तर तोवर असंख्य लोकांचा कोड बंद पडला असता. वेळेवर बोलणाऱ्यांचे मोल मी म्हणूनच इतके मानतो.

बांधणी अवघड नाही. स्रोत उतरवून ‘कॉन्फिगर’ चालवताना विकास आवृत्ती हवी असल्याचा ‘यूजडेव्हल’ हा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो. ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसव. यंत्रणेच्या मूळ पर्लला हात लावू नकोस, कारण डेबियनसारख्या प्रणालीची पॅकेज हाताळणारी साधनेही त्याच्यावर अवलंबून असतात. चाचण्या पूर्ण होऊ दे आणि तोवर ‘पर्लडेल्टा’ हा बदलांचा दस्तऐवज पहिल्या ओळीपासून वाच. मग आपल्या नेहमीच्या मॉड्यूलांच्या चाचण्या चालव. एखादी फसली, तर चूक पर्लचीच असे लगेच मानू नकोस. २०१३ च्या ५.१८ मध्ये हॅशमधील (नावाने मूल्य शोधून देणाऱ्या साठ्यातील) किल्ल्यांचा, म्हणजे त्या नावांचा, क्रम प्रत्येक वेळी बदलू लागला, तेव्हा सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक संग्रहातील अनेक मॉड्यूलांच्या चाचण्या फसल्या. दोष त्या चाचण्यांचा होता; ज्या क्रमाची हमी कधी दिलेलीच नव्हती, तो त्यांनी गृहीत धरला होता. दोष गाभ्यातच आहे असे दिसले, तर स्रोतासोबत येणारी ‘बायसेक्ट’ची स्क्रिप्ट नेमका कोणता बदल कारणीभूत झाला ते शोधून देते. त्या बदलाचा उल्लेख आणि पाच-सहा ओळींचे छोटे उदाहरण, एवढा अहवाल पुरेसा असतो.

एक काम मात्र तू इतरांपेक्षा चांगले करशील. सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण म्हणजे युनिकोड. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर न तोडण्याचा नियम आणला, आणि ५.४२ मध्ये पर्ल युनिकोड १६ वर आले. ‘राष्ट्र’ या शब्दात सात संकेतबिंदू, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हे, आहेत. जुन्या नियमाने त्याची चार अक्षरे पडत, नव्या नियमाने ‘रा’ आणि ‘ष्ट्र’ अशी दोनच पडायला हवीत. हा शब्द जुन्या व नव्या पर्लमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातील नमुने शोधणाऱ्या सूत्राने, तोडून पाहा. नंतर ‘वाऱ्यावर’ घे. त्यातील अर्धा र कोणी नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, तर कोणी साध्या र् नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपांची अक्षरे सारखी मोजली जातात का, हे मराठी लिहिणाऱ्यालाच सुचेल. ज्याला ही लिपी वाचता येत नाही, तो कितीही निष्णात असला तरी चुकीचा निकाल त्याच्या नजरेत भरणार नाही.

स्थिर आवृत्तीच्या आधी काही काळ बदल गोठवले जातात. म्हणून देवनागरीची तपासणी मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवरच कर आणि उदाहरणाचा मजकूर अहवालात संकेतबिंदूंच्या क्रमांकांसह लिही, म्हणजे वाचणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरे कशीही उमटली तरी त्याला ती जशीच्या तशी पुन्हा तयार करता येतील.

सस्नेह