बिल एक, ओळी दोन

प्रश्न : मॅडम, मी बार्शीची. 2023 ला बी.कॉम. झाले आणि तेव्हापासून औषधांच्या एका होलसेल ऑफिसात बिलिंगला आहे. गेले चार महिने रात्री यूट्यूबवर एसक्यूएल (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा) शिकतेय. सिलेक्ट, व्हेअर (अट लावणं), ग्रुप बाय, जॉइन (दोन टेबलं जोडणं) येतं. सरावासाठी ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून बिलं आणि जमा पावत्या एक्सेलमध्ये काढून घरच्या लॅपटॉपवर घेतल्या, पण विक्रीची बेरीज ऑफिसच्या रिपोर्टपेक्षा जास्तच येते. मला डेटा ॲनालिस्ट व्हायचंय. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत डेटा सायन्स, पायथन, एआय सगळं शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देतो म्हणतोय. फी सव्वा लाख, हप्ते पाडून मिळतात. पप्पा म्हणतात, घे. पण माझं गणित बेताचंच. बी.कॉम.वाल्यांना या लाइनीत घेतात का? आणि क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहिलेला प्रश्न, आता एआयच लिहून देतं, मग शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर : वयाने बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. क्लासकडे येतेच, पण आधी ती जास्त येणारी बेरीज. पत्रात तू ती जाता जाता लिहिलीस. मला अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली.

तीन बिलं धर. पहिलं 10,000 चं, दुकानदाराने दोनदा करून भागवलं, आधी 6,000, मग 4,000. दुसरं 8,000 चं, एकरकमी जमा. तिसरं 5,000 चं, अजून उधारीवर. खरी विक्री 23,000. आता तू बिलांना पावत्या जोडल्यास. पहिल्या बिलाला दोन पावत्या, म्हणून त्याच्या ओळी झाल्या दोन, आणि दोन्ही ओळींत बिलाची रक्कम 10,000 च. तिसऱ्याला पावतीच नाही, म्हणून साध्या जॉइनमध्ये ते बिल गायब. बेरीज आली 28,000. म्हणजे एकीकडे फुगली, दुसरीकडे गळली, आणि फुगणं जास्त म्हणून तेवढंच दिसलं. एखाद्या महिन्यात दोन्ही चुका एकमेकींना भागवतील, रिपोर्टशी आकडा जवळपास जुळेल आणि तुला संशयही येणार नाही. ते जास्त वाईट.

यावर डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणं) लावायचा मोह होईल. नको. दोन वेगळ्या दुकानांची बिलं योगायोगाने 8,000 चीच निघाली तर त्यातलं एक उडेल. आधी पावत्यांची बिल नंबरवार बेरीज कर, म्हणजे एका बिलाला एकच ओळ उरेल, आणि मग ती बिलांना लेफ्ट जॉइनने जोड. उधारीची बिलं जागेवर राहतील, त्यांच्यापुढे जमेच्या जागी नल, म्हणजे रिकामी जागा, येईल. त्या नलला शून्य करून घे, नाहीतर बाकी काढताना वजाबाकीसुद्धा नल होऊन बसेल.

माझ्या पहिल्या नोकरीत हीच चूक करून मी थकबाकीचा रिपोर्ट साहेबांना पाठवला होता. तीन महिने तो मीटिंगमध्ये फिरत राहिला. क्वेरी बिनचूक चालत होती, एकही एरर नव्हती. तेव्हापासून कुठलंही टेबल उघडलं की आधी स्वतःला विचारते, यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक बिल? बिलातलं एक औषध? की एक पावती? तू चार महिन्यांत शिकलीस ती भाषा झाली. ॲनालिस्टचं काम या प्रश्नापासून सुरू होतं.

एआयचं उत्तरही इथेच आहे. ते जॉइन लिहून देईल, तुझ्या-माझ्यापेक्षा भराभर देईल. पण तुमच्याकडे दहावर एक फ्रीची स्कीम असते आणि ती फ्री स्ट्रिप बिलात शून्य दराची वेगळी ओळ म्हणून पडते, हे त्याला कोण सांगणार? 50 च्या दराची एक ओळ आणि शून्याची एक ओळ यांचा सरळ ॲव्हरेज काढला तर दर 25 येतो. खरा दर 500 भागिले 11, म्हणजे 45 च्या थोडा वर. एक्सपायरीचा माल परत आला की क्रेडिट नोट कुठल्या महिन्यात पडते, हेही तुलाच माहीत. त्याहून ताजं उदाहरण घे. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कोणी टॅक्ससकट रकमेवर विक्रीचा आलेख काढला तर 112 चे 105 झालेले दिसतील आणि ‘विक्री सहा टक्के घसरली’ म्हणून ओरड होईल, नग तेवढेच गेले असले तरी. बिलिंगला बसलेली मुलगी ही चूक करत नाही. बी.कॉम.वाल्यांना घेतात का विचारतेस. तू ज्या खुर्चीत बसली आहेस तिथे रोज जे बघतेस, ते इंजिनिअरिंगच्या मुलांना नोकरीला लागल्यावर शिकावं लागतं.

गणिताचं म्हणशील तर टक्केवारी, सरासरी आणि मध्यक यांतला फरक, भारित सरासरी, एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं निघतात. वर आपण केलं तेच.

आता क्लास. आत्ता घेऊ नकोस. हप्त्यांची सोय म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास मध्येच सोडलास, बंद पडला, नोकरी नाही लागली, तरी हप्ता चालूच. पप्पांना घेऊन जा आणि करारावर ‘गॅरंटी’ लिहिलंय की ‘साहाय्य’, ते वाचा. मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा. नंबर द्यायला आढेवेढे घेतले की समजून जा. आणि सहा महिन्यांत एसक्यूएल, पायथन, मशिन लर्निंग, एआय सगळं म्हणजे प्रत्येकाची नुसती ओळख होते. मुलाखतीत ती दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

त्याऐवजी एसक्यूएलमध्येच अजून दोन-तीन महिने खोल जा. तारखांचं काम, विथ लिहून क्वेरीचे टप्पे पाडणं, आणि मुख्य म्हणजे विंडो फंक्शन्स : लॅग वापरलं की प्रत्येक दुकानाच्या या महिन्याच्या खरेदीशेजारी मागच्या महिन्याची येऊन बसते. (मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ही सोय 2018 च्या 8.0 पासून आली, तेव्हा लॅपटॉपवर जुनं व्हर्जन असेल तर आधी ते बदल, उगाच डोकं फोडत बसशील.) सोबत एक्सेलचं पिव्हट, मग आलेख आणि रिपोर्ट बनवायचं पॉवर बीआय. त्याचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट आहे. पायथन नोकरी लागल्यावर शिकलीस तरी चालेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. मालकांना न विचारता ऑफिसचा डेटा घरी आणलास, हे बरं नाही. दुकानांची नावं, उधाऱ्या, सगळं त्यात आहे. तो लॅपटॉपवरून काढ, मालकांशी बोल आणि सराव ऑफिसच्या मशीनवरच त्यांच्या परवानगीने कर. मुलाखतीत दाखवायला तर तो अजिबात नको. त्यासाठी ॲगमार्कनेट या सरकारी साइटवरचे बाजारभाव घे, तुमच्या मार्केट यार्डातली तूर किंवा सोयाबीन. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, तारखेनिशी मिळतात. तिथेही खड्डा तोच. 10 क्विंटल आवकेचा दिवस आणि 1,000 क्विंटलचा दिवस सारखे धरून महिन्याचा सरासरी दर काढलास, तर तो कुठल्याच शेतकऱ्याला मिळालेला दर नसेल. दोन पानांत हे नीट मांडलंस तरी दहा सर्टिफिकेटांपेक्षा वजनदार होईल.

नोकरी शोधताना नुसतं ‘डेटा ॲनालिस्ट’ टाकू नकोस. ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ (कंपनीचे नेहमीचे रिपोर्ट काढणारं पद), ‘रिपोर्टिंग’ हेही शोध. नाव साधं असतं, पण एसक्यूएलला रोज हात लागतो आणि वर्ष-दीडवर्षात पुढची उडी मारता येते. औषध कंपन्यांच्या वितरण विभागांत आधी बघ, तिथे तुझी तीन वर्षं अनुभव म्हणून मोजली जातील.

परवानगी मिळाली की मालकांसाठी एक यादी काढ : मागचे तीन महिने दर महिन्याला माल नेणारी, पण या महिन्यात एकही बिल नसलेली दुकानं. त्यांना ती हवीच असणार. दुकानांना बिलं लेफ्ट जॉइन करशील, तेव्हा या महिन्याची तारखेची अट ऑनमध्ये, म्हणजे जॉइनच्याच अटीत, लिही. व्हेअरमध्ये लिहिलीस तर माल नेणं थांबवलेली दुकानंच यादीतून निघून जातील.