फाट्यावर उभं राहण्याआधी

चिरंजीवास आशीर्वाद.

पहिलीच नेमणूक, तीही धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ठाण्यात. म्हणजे रास्ता रोकोचा बंदोबस्त तुझ्या पाचवीलाच पुजलाय. जमाव हटत नसेल तर लाठी कधी उचलायची, असं तू विचारलंस. सांगतो. पण फौजदारावर हा प्रश्न येतो, तेव्हा बहुतेक वेळा ठाण्याचं आदल्या आठवड्यातलं काम राहून गेलेलं असतं.

आपल्याकडे रस्ता सहसा अचानक अडत नाही. पीकविमा आला नाही, सोयाबीनचा भाव पडला, वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सुटलं नाही, आरक्षणाचं घोंगडं भिजत पडलं. कारण कुठलंही असो, तहसीलला आणि ठाण्याला आधी निवेदन येतं. आपण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची प्रतिबंधक नोटीस काढतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १४९ ची), शिपायाहाती बजावतो, पोच फाईलला लावतो आणि निवांत होतो. तू तसं करू नकोस. नोटीस घेऊन स्वतः गावात जा, पोलीस पाटलाला बरोबर घे. ओट्यावर बसून विचार: कोणता फाटा, किती वेळ, बाया-लेकरं येणार का, आणि निवेदन कुणाच्या हातात द्यायचंय?

या शेवटच्या प्रश्नावरच पुष्कळदा रस्ता उघडतो. लोकांना आपलं म्हणणं ऐकायला कुणी जबाबदार माणूस रस्त्यापर्यंत आलेला पाहायचा असतो. तहसीलदार वेळेवर आले, चार शब्द बोलले, कागद घेतला, की सतरंज्या गुंडाळल्या जातात. ते बैठकीत अडकले आणि दोन तासांनी कुणा अव्वल कारकुनाला पाठवलं, की डांबरावर तापलेली माणसं भडकतात आणि तो भडका झेलायला समोर आपला शिपाई असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी तहसीलदारांना फोन कर आणि सकाळी पुन्हा कर. हे आपलं काम नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, लाठी लागू नये यासाठी जे करावं लागतं ते सगळं पोलिसाचंच काम आहे.

मग रस्त्याचा विचार कर. बीड जिल्ह्यातल्या गढीच्या फाट्यावर जाऊन बस, म्हणजे कळेल. तिथे कल्याणहून नांदेडकडे जाणारा महामार्ग येऊन मिळतो. तो फाटा अडला की सगळ्याच दिशा बंद. तेव्हा मोठी वाहनं फाट्यापर्यंत येऊच द्यायची नाहीत, मागच्या मोठ्या गावाजवळ, पाणी आणि सावली असेल तिथे थांबवायची. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर आधी बाजूला घे. दोन ट्रॉल्या आडव्या झाल्या तर आंदोलन संपल्यावरही रस्ता सुटत नाही. निम्मे अंमलदार रांगेच्या शेपटाकडे लाव. बंदोबस्त म्हणजे सगळे जण जमावासमोर, ही आपली जुनी खोड आहे. आणि मागे काय चाललंय? संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायची बाळंतीण जीपमध्ये कळा देतेय आणि तिच्या नवऱ्याला पुढे काय झालंय हेही ठाऊक नाही. १०८ ची गाडी, परीक्षेला निघालेली पोरं, अंत्ययात्रा यांना वाट द्यायचं आयोजकांकडून आदल्या दिवशीच कबूल करून घे आणि त्यांचेच चार स्वयंसेवक त्या कामाला लाव. आपल्याकडची माणसं रुग्णवाहिका अडवत नाहीत. पाचव्या रांगेत बसलेल्याला ती आल्याचं कळत नाही, एवढंच.

कायदा दोन्ही बाजूंनी वाच. शांततेनं, शस्त्राविना जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. दिल्लीतल्या शाहीन बागेच्या धरण्याच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आझाद मैदानावरच्या आंदोलनात मुंबईचे रस्ते भरले, आपल्या भागातूनच माणसं गेली होती, तेव्हा उच्च न्यायालयानंही रस्ते मोकळे करायला सांगितलं. म्हणजे तासाभराचं ठिय्या आंदोलन आणि दिवसेंदिवस बंद ठेवलेला महामार्ग यांना एकच माप लावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ ठाणेदार हजर नसतील तर उपनिरीक्षकालाही जमाव पांगवण्याचा आदेश द्यायचा अधिकार देतं. तो तुझा अधिकार आहे, म्हणून जबाबदारीही तुझीच. त्याआधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ६८-६९ कलमं आहेत: ताब्यात घ्या, गाडीत बसवा, प्रसंग निवळला की सोडा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

आता लाठी. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या मांडवाशी लाठीमार झाला. पोलीसही जखमी झाले, ते विसरून चालणार नाही. पण बायाबापड्यांना लागलेले मार घरोघरच्या मोबाईलवर पोहोचले, एसटी गाड्या जळल्या, मराठवाडाभर रस्ते अडले, आणि तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सरकारच्या वतीनं क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला माजलगाव आणि बीडमध्ये नेत्यांची घरं पेटवली गेली. तिथे बळ वेळेवर आणि पुरेसं दिसायला हवं होतं. या दोन तारखा शेजारी ठेवून विचार कर. बसलेल्या माणसावर लाठी नको. हातात दगड, पेट्रोल असलेल्यावर, माणसांनी भरलेल्या गाडीवर धावणाऱ्यावर मात्र कचरू नकोस. आधी ध्वनिक्षेपकावरून मराठीत स्पष्ट इशारा, पांगायला मोकळी वाट, महिला अंमलदार पुढे, आणि मार कमरेखाली. हुकूम एकाच्याच तोंडून निघाला पाहिजे. कुणी आईवरून शिवी दिली म्हणून शिपायाचा हात उठला, तर तो लाठीमार कायद्याचा राहत नाही.

आणि तुझं आडनाव. मराठा-ओबीसी असा ताण असताना तू बोलायच्या आधी लोक ते वाचतील. बीडच्या पोलिसांनी २०२५ मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, ते चांगलंच झालं. पण लोकांची नजर वागण्यावर असते. आज एका समाजाला दोन तास दिलेस आणि उद्या दुसऱ्याला वीस मिनिटांत उचललंस, तर तुझ्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

रस्ता उघडल्यावर थकून येशील, तेव्हा गुन्हा नीट लिही. ‘इतर चारशे-पाचशे इसम’ असं घालून पुढे व्हिडिओत दिसेल त्याचं नाव जोडत जाऊ नकोस. त्या घोळक्यातली कितीतरी पोरं पहाटे भरतीसाठी धावतात, तुझ्यासारखीच. शासन असे खटले मागे घेतं, पण तोवर वर्षं जातात आणि चारित्र्य पडताळणीत पोरगं अडकतं. ज्यानं दगड मारला त्याचं नाव पुराव्यासह लिही, त्याला सोडू नकोस. जो नुसता बसला होता, त्याला तेवढ्याचंच कलम लाव.

पुढच्या बंदोबस्ताआधी तुझ्या हद्दीतल्या गावरस्त्यांचा नकाशा काढ. कोणत्या पुलावरून ट्रक जातो आणि कुठे फक्त जीप, हे प्रत्यक्ष फिरून बघ. मग मला पाठव. गोदाकाठचे काही रस्ते मला ठाऊक आहेत, ते भरून देईन.

तुझा,
अप्पा